चार पोरं इकडची तिकडे

“वर्ग चालवतेस का कोंबड्या पाळल्यास?”

“पोरं भांडतायत दाजी. सरासरीवरनं.”

“सरासरीत भांडायला काय ठेवलंय? बेरीज करायची, भागायचं, खाली रेघ मारायची. मिटलं.”

दारातनं एवढं सुनावून कर्कटक सर आपल्या वर्गात परतले. दोन वर्गांच्या मधे फळकुटांची भिंत. त्यामुळं पलीकडचा शब्दन्‌शब्द इकडं यायचा आणि सरांच्या कानात मुंगीसारखा चावायचा.

कर्कटक हे नाव पोरांनी ठेवलेलं. पाय लांबसडक, नाक टोकदार, आणि फळ्यावर हातानं वर्तुळ काढलं तर त्याला कुठं पोचा सापडायचा नाही. शाळेत गणित म्हणजे सर. शेवटच्या वर्षाचा वर्ग तर त्यांची वतनदारीच. त्यांना कुणी विचारून दिला नव्हता, की त्यांनी कधी मागितला नव्हता.

मग मेहुणी शाळेत लागली. बायकोची धाकटी बहीण. सरांच्या लग्नात ही नाक पुसत फिरत होती, तिला पाढे सरांनीच पाठ करून दिले. आता ती त्यांच्याच विषयाला आली. या शाळेत मार्कांवरनं तुकड्या पाडायचे. वरची पोरं ‘अ’मधे, खालची ‘ब’मधे. शेवटच्या वर्षाच्या खालच्या वर्गातली ‘अ’ सरांकडं, ‘ब’ तिच्याकडं. सरांना वाटलं, बरं झालं, दगड फोडत बसेल.

पण ती दगडांशी गप्पा मारायला लागली. एके दिवशी विचारलं, चपलेच्या दुकानदारानं गिऱ्हाइकांच्या पायांची सरासरी काढली आणि सगळ्या चपला त्याच एका मापाच्या मागवल्या, तर काय होईल? दुसऱ्या दिवशी म्हणाली, ज्या गल्लीत दवाखाने जास्त तिथं आजारीही जास्त दिसतात, मग दवाखाने बंद करायचे का? पोरं बाकांवर उभी राहून वाद घालायची. घंटा झाली तरी हलायची नाहीत.

हे घरीही पोचलं. रात्री जेवताना बायकोनं तोच चपलांचा सवाल सरांना घातला आणि स्वतःच पोट धरून हसली. “इतकी वर्षं तुमच्याशी संसार केला, पण गणितानं हसू येतं हे आज कळलं,” म्हणाली. सरांचा घास तोंडातच फिरत राहिला.

त्यात मोठ्या सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, फर्मान काढलं. पुढच्या साली शेवटचा वर्ग आयता कुणाला नाही. सहामाहीत ज्याच्या तुकडीची सरासरी पहिल्या चाचणीपेक्षा जास्त वाढेल, वर्ग त्याला. वतनदारीलाच हात घातला म्हटल्यावर सरांची झोप उडाली. वर्ग गेल्याचं दुःख एक वेळ पचलं असतं. तो हिच्याकडं जाणार, हे पचत नव्हतं.

मग त्यांनी डोकं चालवलं. ‘अ’मधली तळाची चार पोरं हेरली. मोठ्या सरांना सांगितलं, बाकं कमी पडतात, चौघांना ‘ब’मधे बसवू. हिशेब सरळ होता. तळाचा गाळ गेला की आपली सरासरी वर. तोच गाळ तिच्या विहिरीत पडला की तिची खाली. मेहुणीनं चौघांना पुढच्याच बाकावर बसवलं.

सहामाही झाली. मोठ्या सरांनी आकडे फळ्यावर लावले. ‘अ’ची बासष्टवरनं पासष्ट. ‘ब’ची अडतीसवरनं चाळीस. मोठे सर खूश, दोन्ही तुकड्या सुधारल्या. ‘अ’ तीननं वाढली म्हणून वर्ग कर्कटक सरांना. सर मात्र त्या चाळिसाकडं बघत राहिले. गाळ टाकूनही हिचं पाणी चढलं कसं?

उत्तर फळकुटांपलीकडनं आलं. दुसऱ्याच तासाला ती पोरांना विचारत होती, “एका वर्गातली चार पोरं दुसऱ्या वर्गात गेली. दोन्हीकडची सरासरी वाढली. मग पोरं हुशार झाली का?”

गलका उठला. त्यातनं एक आवाज सरांच्या ओळखीचा निघाला. चौघांतलाच एक. सरांच्या वर्गात तो हजेरीलासुद्धा पुटपुटायचा.

“आम्ही तिकडं सगळ्यांत खाली होतो,” तो मोठ्यानं सांगत होता. “पण आमचे मार्क पंचेचाळीस. इथं सरासरी अडतीस. म्हणजे इथं आम्ही वरचे. आम्ही गेलो म्हणून ते वाढले, आलो म्हणून हे वाढले. हुशार कुणी व्हायलाच लागत नाही.”

सरांच्या हातातला खडू मोडला. मार्कांवरनं पाडलेल्या तुकड्या. ‘अ’चा तळ म्हणजे ‘ब’चा माथा. उभा जन्म बेरजा करण्यात घातला आणि हे डोक्यात आलं नाही. चूक सलत होती, पण त्याहून जास्त तो आवाज सलत होता. हा पोरगा आपल्याकडं असा का बोलला नाही?

मधल्या सुट्टीत मेहुणी आली. आवाज खाली ठेवून म्हणाली, “चौघं दोन्हीकडनं वगळून आकडा काढून बघितला दाजी. माझी एकानं वाढलीय. तुमची जवळपास होती तिथंच आहे.”

“मग जा, सांग मोठ्या सरांना.”

“कशाला? वर्ग तुम्हीच घ्या, तुम्हाला जमतो. ती चार पोरं तेवढी परत मागू नका.”

वर्ग मिळाला होता, तरी हाताला काही लागलं नाही असं सरांना वाटत होतं. त्यांनीच धाडलेली चार पोरं आता तिची झाली होती, आणि तीही खुशीत.

घंटा झाली. सर आपल्या वर्गात गेले. चौघं गेल्यावरही शेवटच्या बाकावर कुणीतरी होतंच, मान खाली घालून. सरांनी फळा पुसला. वर्तुळ काढायला हात उचलला, थांबला.

“दोन गोठे होते,” ते म्हणाले. “एकातल्या चार गायी दुसऱ्यात नेल्या. दोन्हीकडं दर गाईमागं दूध वाढलं. कसं?”

पोरं चक्रावून एकमेकांकडं बघायला लागली. सर फळकुटांच्या भिंतीजवळ सरकले.

“बोला की,” ते म्हणाले. “जरा मोठ्यानं बोला.”