कॅनडा की खो-खो

इंदापूरच्या स्टँडवर सोलापूरची एसटी लागली, तेव्हा आई मला सोडून कंडक्टरशीच बोलत होती. "पोरगी पहिल्यांदाच बेंगलोरला निघालीय, सोलापुरात रेल्वेपाशी नीट उतरवा." तात्या, म्हणजे माझे वडील, पेरूचे क्रेट बाजारात उतरवून तसेच टेम्पो घेऊन आलेले. खिडकीतून त्यांनी एवढंच सांगितलं, "काय पायजे ते ठरव आन् मग मागं बघू नगं."

माझ्या वरकुटे गावातल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच गाव सोडून गेलेल्यांनो, खरी गंमत पुढेच आहे. काय पाहिजे हेच मला माहीत नव्हतं. नोकरी पाहिजे होती, ती मिळाली. सॉफ्टवेअर तपासायचं काम, दहाव्या मजल्यावर गार हवेतली खुर्ची. पेरूच्या बागेत ऊन चुकवत वाढलेल्या मुलीला आणखी काय हवं?

काही वर्षांनी ऑफिसच्या फॉर्मवर प्रश्न आला, पुढं तुम्हाला काय व्हायचंय? सगळ्यांनी झरझर टाइप केलं. मी मात्र कर्सरकडे बघत बसले. शेजारच्या टेबलावरची रेवती हसली आणि म्हणाली, "हे इथं सुचत नाही गं. घरी कागदावर लिहून बघ. हातानं. कुणाला दाखवायचं नाही."

खालच्या दुकानातून साधी रेघांची वही आणली आणि सकाळच्या चहासोबत लिहायला लागले. मराठीत. इतक्या वर्षांनी 'ळ' काढताना हात अडखळायचा. पहिल्या पानांवर नुसती कुरकुर होती. ट्रॅफिक, घरमालकीण, सांबारातला गूळ. फोनवर लिहिलेलं खोडलं की नाहीसं होतं. कागदावर खोडलेलंही दिसत राहतं, त्यामुळे स्वतःला फसवणं जरा अवघड जातं.

त्याच दिवसांत कंपनीनं कॅनडाची जागा देऊ केली. मी फोन केला आणि तात्यांनी गावभर पेढे वाटले. मीही खूश होते, म्हणजे तसं मला वाटत होतं. मग एका रविवारी वही पहिल्यापासून वाचून काढली. कॅनडाबद्दल दोन-दोन ओळी, त्याही कुणी सांगितलेला निबंध लिहावा तशा. आणि सोसायटीमागच्या मैदानात मी पोरींना खो-खो शिकवायचे, त्या सकाळींची मात्र पानंच्या पानं! पळणारीला कसं चकवायचं, याची चित्रं. सुरक्षारक्षकाची मुलगी मंजुळा खांबाला वळसा घालताना पडली आणि हसतच उठली, त्याचं वर्णन. शाळेत असताना आमच्या संघानं तालुका जिंकला होता, तेही सगळं आलेलं. मी खाली लिहिलं, 'मला कॅनडाला जायचंय, की मी गेले हे गावाला कळायला हवंय?' उत्तर लिहायला बरेच दिवस लागले. जे आलं, ते वाचून मी घाबरले आणि मोकळीही झाले.

तात्यांना सांगायचं होतं. फोन हातात घेऊन मी गच्चीत फेऱ्या मारल्या.

"तात्या, मी कॅनडाला जाणार नाही. खेळाची शिक्षिका व्हायचंय मला. त्याचा कोर्स करते."

तात्या म्हणाले, "आता पेढं माघारी मागू का काय लोकांकडनं?"

मला हसू आलं आणि रडूही.

"नीट इचार केलायस न्हवं?"

"व्हय. रोज लिहून काढलाय."

"मग झालं तर. आमी हाय."

मागून आईचा आवाज आला, "खो-खोला पगार देत्यात व्हय?"

देतात, कमी देतात. कोर्स होईपर्यंत अर्धवेळ काम केलं, घर लहान घेतलं, हौसेच्या कितीतरी गोष्टी सोडल्या. आता बेंगलोरमधल्याच एका शाळेत खेळ शिकवते. माझा संघ पहिला सामना असा हरला की पंचांनाही दया आली. तरी परतीच्या बसमध्ये पोरी गात होत्या आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

यंदाच्या सुट्टीत त्या पोरींना आणि सोसायटीतल्या मंजुळालाही वरकुट्याला घेऊन आले. गावच्या पोरींनी आमचा धुव्वा उडवला. मग सगळ्या एकाच पंगतीत बसल्या. मंजुळाला भाकरी मोडता येईना, तर तात्यांनी तिच्या ताटात कुस्करून दिली. तिची कन्नड त्यांना कळेना आणि त्यांची मराठी तिला, पण दोघं बराच वेळ बोलत होते.

निघताना आई गाडीपाशी आली. इतकी वर्षं ती म्हणायची, "तिकडं पोचलीस की फोन कर." ह्या वेळी सहज म्हणून गेली, "घरी पोचलीस की फोन कर गं."

तिच्या लक्षातही आलं नाही. गाडी उसाच्या फडांमधून हायवेला लागली, तरी मी हसतच होते. मंजुळानं विचारलं, "अक्का, काय झालं?"

मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, "काही नाही. घरून निघालेय, घरी चाललेय."