काकूंचे एकोणपन्नास दिवस

बौद्धांच्या पंथांमधला फरक काकू ताटावरून सांगायच्या. लखनौच्या विकास नगरात त्यांचं घर; वरच्या मजल्यावर मी, बँकेत नोकरीला आलेला साताऱ्याचा भाडेकरू. काका रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. श्रावस्ती-कुशीनगरला निघालेल्या भिक्खूंना ते आलमबागच्या बसस्थानकावरून हक्काने घरी घेऊन यायचे. श्रीलंकेचे भन्ते थेरवादी, त्यांचं जेवण दुपारी बाराच्या आत. व्हिएतनामच्या भिक्खुणी महायानी. त्या संध्याकाळीही जेवत, पण कांदा-लसूण वर्ज्य. तिबेटचे लामा वज्रयानी, त्यांना मटण चालायचं. सुटीच्या दिवशी साडेअकराला मी चहा मागायला गेलो की काकू खेकसायच्या, "सरक बाजूला, भन्तेंचं ताट आधी!"

यातलं खरं कुणाचं, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "भन्ते म्हणतात, ज्याची वाट त्यानं चालायची. भिक्खुणी म्हणतात, सगळे पोचेपर्यंत आम्ही थांबू. लामा म्हणतात, गुरूचा हात धरा, याच जन्मी पोचाल. अन् आमचं नागपूरचं म्हणणं, आधी माणसाला माणसासारखं वागवा." काका भिंतीवरच्या, धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांकडे बोट दाखवायचे. "आपल्याला एवढ्या पुरे," म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे.

मागच्या हिवाळ्यात काका बसल्या जागी गेले. पुण्यानुमोदनाचा विधी रीतसर झाला. काकूंच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, त्या येईल त्याला एकच विचारायच्या, "हे आता कुठं असतील?" भन्ते म्हणाले, नवा जन्म लगेच होतो. आठवड्याने लामा आले. ते म्हणाले, माणूस एकोणपन्नास दिवसांपर्यंत वाटेत असतो, त्याला उजेड दाखवावा. त्याच संध्याकाळी काकांच्या खुर्चीपाशी दिवा लागला.

त्यांचा मुलगा अमोल भडकला. "आई, ये सब हमारे यहाँ नहीं होता! श्राद्ध नाही, पिंड नाही, असं बाबांनी जन्मभर पाळलं. तू त्यांच्याच घरात हे करतेस?" त्याचं चुकत नव्हतं, तरी मला त्याचा राग आला.

काकूंनी वात नीट केली. "माझा तरी कुठं विश्वास आहे रे? पण लामांचं खरं असलं तर? तुझे बाबा एकटे अंधारात चाचपडत राहतील."

अमोल बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेलाची पिशवी मात्र त्यानेच आणली. मग रोज ऑफिसातून आला की आधी दिव्याकडे बघायचा.

पन्नासाव्या दिवशी सकाळी मी खाली गेलो, तेव्हा दिवा घासून पालथा घातला होता. अमोल खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडल्या.

"इतके दिवस वाटेत तरी होते," त्या म्हणाल्या. "आज गेले."