बहिरी बंदूक

बापू, गुडघा कसा आहे? शोभाताई, खोकला गेला का?

मंडळी, वर्षभर शोधतोय ती ठासणीची बंदूक आज इथे जपानात, ओजिमातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसली. दुकानदाराने भाव सांगितला. मी सुनेला म्हटलं, "आधी विचार, हिचा कान शाबूत आहे का?" कान म्हणजे बत्ती द्यायचं भोक. तिने सरळ जपानीत 'कान' विचारला.

बिचारा माझ्या कानाशी येऊन भाव ओरडला!

"बाबा, त्यांना वाटलं तुम्हालाच ऐकू येत नाही."

मग मीच नळी चाचपली. भोकच नव्हतं. शोभेची नक्कल, भाव अस्सलाचा! नमस्कार करून निघालो.

पण घेईन तर कानवालीच. कान झिजलेला असेल तर भाव किती उतरवावा? जाणकारांनो, लवकर लिहा.