पंखा थांबला की

आषाढातली सकाळ. डेअरीला निघालेली शेजारची सुमन दारात थांबली आणि म्हणाली, “आवं तात्या, नामाआप्पा उठनात...” या वयात जेवढं पळता येतं तेवढं पळालो. नामा झोपेतच गेला होता. वर पठारावर त्याचा पंखा मात्र गरगरत होता.

त्याचा म्हणजे, पवनचक्क्या आल्या तेव्हा नामानं आपला खडकाळ तुकडा कंपनीला दिला होता. बाकीचे जमिनीच्या दरावर अडून बसले. याची अट एकच, पोराला काम. आमच्या खानापूर भागातली पोरं सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात जातात आणि जत्रेपुरती उगवतात. नामा ऐटीत म्हणायचा, “माजं इक्रम हितंच ऱ्हाणार. वारं काय कोण उचलून न्हेतंय व्हय?”

विक्रम आयटीआय झाला, त्याच पंख्यावर लागला. तो वर टोकाला आणि खाली शेरडं राखणारा बाप ओरडतोय, “उतर की रं, भाकरी निवाय लागली!” असं सुख मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. पण पोरगं हुशार निघालं, आणि तिथंच घोटाळा झाला. राजस्थानात मोठं काम निघालं, कंपनीनं त्याला तिकडं नेलं. मागून सून गेली, नातवंडं गेली.

मग नामाला एक सवय लागली. पंखा थांबला की तो फोन लावायचा. “इक्रम, पंखा थांबलाय रं.” तिकडून विक्रम सांगायचा, “वारं पडलंय आप्पा.” हे काय नामाला ठाऊक नव्हतं? मी चिडून म्हणायचो, “गड्या, सरळ फोन कर की!” तो म्हणायचा, “कामात असतंय पोरगं. आन् बोलू काय?”

आषाढात वारं सुटलं की पंखा थांबायचं नाव घेत नसे. तेव्हा नामा उगाच शेरडांवर खेकसायचा, माझ्याशीही धड बोलायचा नाही. तसल्याच दिवसांत तो गेला.

विक्रम विमानानं पोचला, पण खांदा द्यायला गावात धडधाकट माणसं कुठं होती? माझी कंबर गेलेली. शेवटी पंख्यांवर काम करणारी बिहार-ओडिशाची पोरं अंगावरच्या कामाच्या कपड्यांनीच आली. एकानं तर डोळे पुसले. नामा त्यांनाही खालून भाकरीला हाका मारायचा म्हणे... मला माहीतच नव्हतं.

विक्रम परत गेला. मला करमत नाही, हे कुणाला सांगायचं तेही कळत नाही. परवा भादव्याच्या उन्हात वारं पडलं. नामाच्या ओट्यावर एकटाच बसलो होतो, तर फोन वाजला.

“तात्या, पंखा थांबलाय का?”

“तुला तितं कॉम्प्युटरवर दिसत न्हाई व्हय रं?”

“दिसतंय... पर तुमी सांगा की.”

मी मान वर करून पाहिलं.

“व्हय रं इक्रम,” म्हटलं, “पंखा थांबलाय.”