जैसे थे वकील

शहराच्या कोर्टात वकिलांना तोटा नव्हता. कोणी फौजदारीत नाव काढलं होतं, कोणी घटस्फोटांत. एकाची तर ख्याती अशी की तो उलटतपासणीला उभा राहिला की साक्षीदार स्वतःचं नावसुद्धा चुकीचं सांगे. ह्या सगळ्यांत आपल्या वकीलसाहेबांचं दुकानच वेगळं होतं. ते कुणाला काही मिळवून देत नसत, ते थांबवून देत. कोणी भिंत पाडायला निघालं, कोणी गल्ली रुंद करायला निघालं, की माणसं धापा टाकत त्यांच्याकडे येत, आणि साहेब दिवस मावळायच्या आत 'जैसे थे'चा हुकूम आणून हातात ठेवत. म्हणजे निकाल लागेपर्यंत जे जसं आहे ते तसंच राहील, कोणी हात लावायचा नाही. निकाल कधी लागेल, हे मात्र विचारायचं नसतं. वकिलांच्या खोलीत त्यांना नावच पडलं होतं, 'जैसे थे'. "जैसे थे आले का रे?" असं कोणी विचारलं तर दारातून आत येता येता साहेब स्वतःच उत्तर देत, "आले, आले."

स्वभावही नावाला शोभेसा. न्हावी बदलला नाही, चष्म्याची काडी बदलली नाही, खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला तर खाली घडी घातलेला कागद सरकवला आणि तो कागदही बदलला नाही. असा माणूस राजकारणात शिरला तर कोणत्या पक्षात जाईल, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? शहरात परंपरावाद्यांची शाखा होती. 'जुनं ते सोनं' हे त्यांचं ब्रीद, आणि शाखेचे अध्यक्ष म्हणजे भाऊ. भाऊंची मिठी अशी की माणूस त्यातून बाहेर आला की पक्षाचा सभासद झालेला असे. वकीलसाहेबही असेच झाले. पण त्यांना उगाच ढोंगी म्हणायला नको. जुन्या इमारती, जुनी झाडं, जुन्या रीती टिकाव्यात असं त्यांना मनापासून वाटे. माणसाला घाई झाली की तो वाईटच काहीतरी करतो, असं ते म्हणत. आयुष्यात एकदाच त्यांनी घाई करायला हवी होती, आणि नेमकी तीच केली नाही.

त्यांची बायको शिक्षिका होती. सगळं शहर तिला 'बाई' म्हणे, आणि घरातही तेच नाव रुळलं होतं. नगरपालिकेच्या कचेरीमागे कौलारू छपराची, लांबलचक व्हरांड्याची प्राथमिक शाळा होती, तिथे बाई मुख्याध्यापिका. तशी शाळा साधीच. भिंतींना पोपडे आलेले, खिडक्यांना एकेक गज कमी. पण बाईंनी व्हरांड्याच्या फरशीवर रंगाने मुळाक्षरं रंगवून घेतली होती. मधल्या सुट्टीत मुलं 'क'वरून 'ख'वर उड्या मारत आणि खेळता खेळता वाचायला शिकत. 'ळ'वर पाय पडला तर बाद, असा कायदा मुलांनीच केला होता. बाई घरी आल्या की साडीच्या निऱ्यांत खडूची पूड असायची आणि बोलण्यात कुणाचं तरी नाव. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख झालं असेलच, पण शाळा होती तोवर त्यांनी ते कधी वर येऊ दिलं नाही.

मग सुधारणावाल्यांची नगरपालिका आली आणि तिने ठराव केला की शाळा पाडून तिथे बसगाड्यांचा तळ करायचा. मुलांना चार ठिकाणी वाटून टाकायचं. ठेकेदार ठरला, शाळेला सुट्टी लागली की काम सुरू, असंही ठरलं.

बाईंनी नवऱ्याकडे आजवर कधी कोर्टाचं काम सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पानं वाढता वाढता सांगितलं.

"अहो, एवढ्या लोकांच्या भिंती वाचवल्यात. आता माझी शाळा वाचवा."

"वाचलीच समज," वकीलसाहेब म्हणाले. "सोमवारी अर्ज टाकतो. ठेकेदार शिडी आणेपर्यंत हुकूम हातात."

आणि ते खरंच करणार होते. अर्ज टंकून तयार होता, फक्त सही राहिली होती. रविवारी शाखेत जाऊन त्यांनी भाऊंना हे आनंदाने सांगितलं. भाऊंनी दार लोटून घेतलं.

"वकीलसाहेब, निवडणूक तोंडावर आली आहे," भाऊ म्हणाले. "तुम्ही उद्या हुकूम आणलात तर काय होईल? काहीच होणार नाही. शाळा उभी, लोक आपापल्या घरी. सुधारणावाले काय करतात हे लोकांना दिसायला नको का? दोन-चार कौलं निघू देत. मग आणा हुकूम. शाळाही वाचेल आणि पालिकाही येईल. एका दगडात दोन पक्षी."

"पण बाईंना मी..."

"कौलं परत चढवता येतात हो. गेलेली निवडणूक परत येते का?"

साहेबांनी मान डोलावली. होकार म्हणावा तर तोंडातून शब्द निघाला नव्हता, नकार म्हणावा तर मान हललेली होती. घरी आल्यावर बाईंनी विचारलं तेव्हा ते बूट काढण्यात फार गुंतले होते.

"न्यायाधीश रजेवर आहेत," ते खाली बघत म्हणाले. "हा आठवडा जाईल. आले की पहिला आपला अर्ज."

"दुसरे कोणी नाहीत?"

"ह्या कामाला तेच लागतात."

बाई "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी उलटतपासून पाहिला नव्हता, आणि आता त्या पाहतील असं साहेबांच्या मनातही आलं नाही.

भाऊंचा हिशेब दोन-चार कौलांचा होता, पण ठेकेदार त्यांच्या पक्षात थोडाच होता! त्याने माणसं लावली आणि पाहता पाहता अर्धं छप्पर उतरवलं. वासे उघडे पडले. रस्त्यावर गर्दी जमली, बायका रडल्या, भाऊंनी कौलांच्या ढिगावर उभं राहून असं भाषण केलं की ठेकेदाराच्या मजुरांनीही टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे वकीलसाहेब काळा कोट सावरत कोर्टात धावले. हुकूम मिळाला. मिळणारच होता, तो त्यांच्या हातचा मळ होता. काम थांबलं. लोकांनी साहेबांना उचलायचं तेवढं बाकी ठेवलं.

बाई मात्र गर्दी पांगल्यावर म्हणाल्या, "आता कौलं परत चढवून घ्यायची ना? उरलेल्या सुट्टीत होऊन जाईल."

आणि साहेबांना आपण अर्जात काय मागितलं ते आठवलं. इतकी वर्षं ते उभ्या भिंतींसाठी 'जैसे थे' मागत आले होते. हात सवयीने तेच लिहून गेला होता. छप्पर पूर्ववत करून मग तसंच ठेवावं, असं मागायला हवं होतं, ही गोष्ट कालच्या पोराला सुचली असती. ती ह्या कामातल्या उस्तादाला सुचली नाही. का सुचली नाही? अर्ज आठवडाभर आधी टंकलेला होता, छप्पर शाबूत असतानाचा. शरमेने त्यांनी तो पुन्हा वाचलाच नव्हता, नुसती खाली सही ठोकली होती.

"नाही चढवता येणार," ते म्हणाले. "जैसे थे म्हणजे कोणीच हात लावायचा नाही. त्यांनी पाडायचं नाही, आपण बांधायचं नाही."

बाई भाषा शिकवत. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्या चुकीचं शुद्धलेखन बघत.

"'थे' म्हणजे होते ना? होतं तेव्हा छप्पर होतं."

"कोर्टाचं 'होतं' हुकमाच्या दिवसापासून धरतात."

"अजब व्याकरण आहे," बाई म्हणाल्या.

निवडणूक परंपरावाद्यांनी जिंकली. भाऊ नगराध्यक्ष झाले, वकीलसाहेब पालिकेचे वकील झाले. आता गंमत बघा. दावा लावणारे हेच आणि ज्यांच्यावर दावा लावला ती पालिकाही ह्यांचीच. एका हाताने अर्ज द्यायचा, दुसऱ्या हाताने घ्यायचा, की झालं, छप्पर चढलं असतं. साहेब तसं सांगायला भाऊंकडे गेलेही. भाऊंनी मिठी मारली. "करू, करू," म्हणाले. "पण ते उघडं छप्पर आहे ना, ते आपलं सगळ्यात मोठं भाषण आहे. पुढची निवडणूक होऊ दे." पुढच्या निवडणुकीत उघड्या वाशांचं चित्र भिंतीभिंतीवर लागलं, खाली 'हे पाप कुणाचं?' साहेबांनी कोर्टात जायचा रस्ता बदलला. न्हावी न बदलणाऱ्या माणसाने रस्ता बदलला आणि त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

मुलं चार शाळांत विखुरली. बाईंना शिक्षण खात्याच्या कचेरीत टेबल मिळालं. येणाऱ्या पाकिटांवर शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलाकडे सरकवायचं. ज्या बाईने पिढ्यांना अक्षरांची ओळख करून दिली, ती दिवसभर 'पोहोचले' हा एकच शब्द उमटवत बसली. निऱ्यांतली खडूची पूड गेली. बोलण्यातली नावं गेली. त्या चिडल्या नाहीत, अबोला धरला नाही, स्वयंपाकात मीठ कमीजास्त झालं नाही. नुसत्या शांत झाल्या. घरात शांतता असावी असं साहेब पूर्वी म्हणत, ते त्यांना आता फार महागात पडलं. पावसापाण्यात शाळेच्या भिंती खचत गेल्या, आणि शेवटी दावा निकालात निघाला तेव्हा तिथे हात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात किती वेळा आलं! कोर्टात तासन्‌तास बोलणारा हा माणूस बायकोसमोर बसला की घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "चहा आहे का?" चहा यायचा. तो पिऊन होईपर्यंत धीर गेलेला असायचा. ते स्वतःलाच पुढची तारीख देत राहिले.

साहेबांनी कोट खुंटीला टांगला त्या वर्षी पक्षाने त्यांचा सत्कार ठेवला. रविवारी सकाळी, पालिकेच्या सभागृहात. बाई पहिल्या रांगेत बसल्या. भाऊ आता काठी टेकत चालत, पण माईक हातात आला की काठीची गरज उरत नसे. त्यांनी शाळेची गोष्ट काढलीच.

"मित्रहो, त्या आठवड्यात न्यायाधीश रजेवर गेले नसते ना, तर एक कौलही हललं नसतं! नशिबाने दगा दिला, पण ह्या माणसाने दिला नाही!"

टाळ्या पडल्या. साहेबांचे कान तापले. ते खोटं त्यांनी घरात, बूट काढताना, एका माणसाला सांगितलं होतं. ते भाऊंपर्यंत कधी गेलं, आणि तिथून पक्षाच्या इतिहासात कधी शिरलं, हे त्यांना आठवेना. मग आठवलं. भाऊंनीच एकदा विचारलं होतं, बाईंना काय सांगितलंत म्हणून, आणि ऐकून ते म्हणाले होते, छान आहे, हेच सगळ्यांना सांगू.

कोणीतरी बाईंनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या जागेवरच उभ्या राहिल्या.

"मला फळा नसला की बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. सगळे हसले आणि त्या खाली बसल्या.

घरी आल्यावर साहेब फुलांचे गुच्छ न्हाणीतल्या बादलीत उभे करत होते. बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. "रजेचं."

साहेबांचा हात पाण्यातच राहिला.

"न्यायाधीशांची नात माझ्या पहिलीच्या वर्गात होती. तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही शाळेत कधी आला नाहीत. तिची आई आजारी होती म्हणून सुट्टीआधीच्या त्या शेवटच्या आठवड्यात आजोबाच तिला सोडायला यायचे. रोज. कोर्टात जाता जाता, काळ्या कोटात. फाटकाशी मला नमस्कार करायचे."

अर्धं आयुष्य ज्या वाक्याची साहेबांनी जुळवाजुळव केली होती, त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"म्हणजे तुला तेव्हापासून..."

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? मी तेव्हाही जाऊ शकलो असतो. कौलाला हातही लागला नव्हता."

"तेच म्हणत होते मी स्वतःला," बाई म्हणाल्या. "आज सांगतील, आज जातील. मी विचारून तुम्ही गेला असतात तर त्यात काय होतं? मला वाटलं, आपण होऊन जाल. छप्पर उतरलं तेव्हा मी तिथे उभी होते, ते माझ्याही चुकीने उतरलं. नंतर वाटलं, निदान सांगाल तरी."

"सांगायचं होतं गं. खरंच. पण सांगितलं असतं तर तू..."

"रागावले असते," बाई म्हणाल्या. "खूप रागावले असते. भांडले असते, महिनाभर बोलले नसते. आणि मग संपलं असतं हो ते. संपलं असतं."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्यांनी रोजच्याच आवाजात विचारलं, चहा ठेवू का. साहेबांनी हो म्हटलं, पण ते बाईंना ऐकू गेलं नाही.