मशीनशी बोलणारा

आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करणारा पोरगा विशीतला आहे. शुद्धीत असला की फक्त मशीनशी बोलतो, "काय झालं गं तुला?" माणसांशी बोलायचं तर आधी पिऊन येतो. मग मला चिडवतो, "अक्का, तोंडाला टाके घातले का?"

आज त्याला मालकांकडं सुट्टी मागायची होती, दारू सोडवणाऱ्या दवाखान्यात जायला. तेवढं बोलण्यासाठीही तो आधी गुत्त्याकडंच निघाला. मीपण लाजरीच, पण त्याच्या वाटेत उभी राहिले. म्हटलं, "तसाच चल. मी हाय की संगं."

आम्ही मालकांसमोर जाऊन उभे राहिलो. तो नुसता पुटपुटला. मालक म्हणाले, "काय?" मी शेजारून हलले नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "मालक, मला दारू सोडायचीय."