शटर पाडलं का?

आमच्यात सगळ्यात मोठी मावशी. मावशीला भरघोस मिशी आहे. दुबईत, जबल अलीच्या एका गोदामात ती सुपरवायझर आहे आणि तिच्या एका हाकेवर फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबते. तिथे ती 'सर' असते. गावी, रत्नागिरीकडे, कुणाचा तरी नवरा आणि दोन मुलींचा बाबा. मावशी ती फक्त रविवारी दुपारी, जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या फ्लॅटवर, माझा रूममेट (पार्टनर-बिर्टनर नाही, साधा रूममेट) ड्यूटीवर गेला की.

आम्ही तीन-चार जणं जमतो. सगळे पुरुष, आणि पुरुषांवरच जीव टाकणारे. चपला काढल्या की 'अरे'चं 'अगं' होतं, कुणी सोडे निवडायला बसतं, कुणी नुसतंच टोमणे मारायला.

ही भाषा मला दुबईत मिळाली. विट्याला शाळेत होतो तेव्हा माझ्यासाठी दोनच शब्द होते, बायल्या आणि छक्का. दोन्ही मागून यायचे, पाठीवर. मग मी पीटीच्या सरांची नक्कल करायला लागलो आणि ते जरा थांबले. हसवणाऱ्याला कुणी मारत नाही, निदान हसू संपेपर्यंत तरी. खरं शिक्षण माझं तेवढंच, बाकी बी.कॉम.

आपल्यासारख्याला कोती म्हणतात आणि ज्याच्याकडे बघून आपण नसलेला पदर सावरतो तो पंती, हे मला मावशीने सांगितलं. तिने ते तरुणपणी मुंबईत ऐकलेलं, हिजड्यांकडून आणि बागेत भेटणाऱ्या पोरांकडून. त्या दिवशी मी घरी एकटाच आरशासमोर 'कोती' म्हणून बघितलं. गंमत म्हणजे लागलं नाही कुठे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठीचा शब्द पुढून आला होता.

आमच्यातला सगळ्यात लहान शारजात वाढलेला. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. "आंटी, नोबडी सेज कोती एनीमोअर."

"नको म्हणू गं," मावशी म्हणाली. "पण कुणी म्हटलं तर तुझ्याबद्दल चाललंय एवढं कळू दे."

गोदामातले शब्द मावशीनेच आणले. संशय आहे पण खात्री नाही, असा माणूस म्हणजे कस्टम्समध्ये अडकलेला. लग्न करून गप्प बसलेला म्हणजे कोल्ड स्टोरेज. हा शब्द तिने पहिल्यांदा स्वतःसाठी वापरला आणि आम्ही हसलो, कारण ती हसत होती.

आणि मग शटर. शटर म्हणजे बाहेरचा आवाज. निघताना चपलांच्या रॅकपाशी प्रत्येकाने एक वाक्य बाहेरच्या आवाजात म्हणून दाखवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. परीक्षक मी, कारण नकला माझ्या. पास झाल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबायचं नाही. या देशात असल्या गोष्टीपायी नोकरी जाते, व्हिसा जातो. त्यापुढचं आम्ही बोलत नाही. लहानगा दर वेळी नापास व्हायचा. मावशी कधीच नाही. "लावला का रे ट्रक? यल्ला, उचल," एवढं ती म्हणाली की माझ्या दारात खरोखर लोखंडी शटर खाली आल्यासारखं वाटायचं.

तर अशा मावशीला पित्ताचे खडे झाले. ऑपरेशन ठरलं. ती घाबरली होती, पण ऑपरेशनला नाही.

"खडे निघतील गं पोटातले," ती म्हणाली. "पण भूल उतरताना तोंडातनं काय काय निघेल?"

मला हसू आलं, तिला नाही. इन्व्हेस्टमेंट्स पार्क भागातल्या कंपनीच्या स्टाफ रूमवर तिच्यासोबत तिच्या बायकोचा चुलतभाऊ राहतो. मावशीनेच त्याला नोकरीला लावलेलं. दवाखान्यात तोच थांबणार होता. आणि गावाहून मावशीच्या बायकोने त्याला बजावलं होतं, शुद्धीवर आले की लगेच व्हिडिओ कॉल लाव, मला तोंड बघायचंय.

"तू ये," मावशी म्हणाली. "तू आवाज काढण्यातली आहेस. सुटायला लागलं तर तूच सावरशील."

मी ऑफिसातून सुट्टी घेऊन गेलो. मेव्हणा वॉर्डमध्ये आधीच बसलेला, अंगावर कंपनीचं जॅकेट, हातात फोन. माणूस तसा गरीब स्वभावाचा. "तुम्ही भावजींचे मित्र ना? ते सांगतात तुमचं. लय हसवता म्हणे." मी म्हटलं, पोटापुरतं.

थोड्या वेळाने ऑपरेशन आटपून मावशीला पलंगावर आणलं. चेहरा पिवळट, मिशी एका बाजूला चपटी झालेली. मल्याळी ब्रदर सलाईन नीट करत होता, चांगला उंचापुरा. मावशीने डोळे किलकिले केले, त्याच्याकडे बघितलं आणि रविवारच्या आवाजात, सूर लांबवत म्हणाली, "अगं बाई... हा बघ. पंती आहे नुसता."

ब्रदरला काही कळलं नाही. तो "ओके सर, ओके" म्हणाला आणि गेला. मेव्हण्याने मात्र मान वर केली.

"आणि तू काय उभी?" मावशी मला म्हणाली. "चहा टाक की गं."

मी विचार केला नाही. विट्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या म्हातारीचा आवाज काढला, कमरेवर हात ठेवला. "टाकते की बया, आधी चहाचं वगराळं कुठं घातलंस ते सांग." आणि मेव्हण्याकडे वळून माझ्या आवाजात म्हटलं, "मंडळाचं नाटक बसवतोय आम्ही. यांना सासूचा रोल आहे. पाठांतर बघा कसं पक्कं झालंय."

"भावजी? नाटकात?"

"त्यांना हौस आहे. लाजतात सांगायला."

मेव्हणा हसला. मीही हसलो. मावशी बोलत राहिली आणि मी तिच्या प्रत्येक वाक्याला म्हातारीचं वाक्य जोडत गेलो. शेजारच्या पलंगावरचा पेशंटही आमच्याकडे बघून हसायला लागला. मला वाटलं, निभावलं. असलं करत तर मी शाळेपासून जगलोय.

मग मावशी थांबली. हात वर करून तिने हवेत काहीतरी पकडायचा प्रयत्न केला, खाली ओढल्यासारखा. पुन्हा एकदा ओढलं. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं.

"शटर येईना गं खाली," ती म्हणाली. "किती ओढतेय. येईना. ते बघतील गं सगळे."

मी म्हातारीचा आवाज सोडला. मी तिचा हात धरून खाली आणला, इतकंच.

नेमका तेव्हा मेव्हण्याचा फोन वाजला. गावाहून. स्क्रीनवर त्याच्या बहिणीचा, म्हणजे मावशीच्या बायकोचा फोटो, हिरवी साडी, कपाळावर मोठं कुंकू. मेव्हण्याने फोनकडे बघितलं. मग मावशीकडे, मग माझ्या हाताकडे, ज्यात तिचा हात होता. मी हात सोडला नाही. सोडला असता तर तेही दिसलंच असतं.

तो उठला. पलंगाभोवतीचा पडदा त्याने सगळीकडून ओढून घेतला, कोपऱ्यात राहिलेली फटसुद्धा, आणि स्वतः बाहेर राहिला. मग त्याचा आवाज ऐकू आला.

"हां ताई. आले शुद्धीवर. बोलतायत ना... काय बोलणार, गोदामाचंच. ट्रक लावा, माल उचला. हां, भुलीतपण तेच... नको गं, आत्ता नको व्हिडिओ. नळ्या लावल्यात, बघून घाबरशील. संध्याकाळी ते स्वतः करतील."

आवाज एकदम मोकळा होता, हसरा. नक्कल करणाऱ्याला नक्कल कळते. वाक्याच्या शेवटी तो जरा जास्तच मोकळा होत होता. मला त्याला पास करावंसं वाटलं.

"पाडलं का गं शटर?" मावशीने विचारलं.

"पाडलंय. तू झोप."

तो बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा चहाचे दोन कागदी कप होते. एक माझ्या हातात देऊन म्हणाला, "त्यांना काही सांगू नका. भुलीत ते काय बोलले ते."

"नाही सांगत."

"नाटक कधी आहे?"

"ठरायचंय. इन्शाल्ला."

त्याने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मी शब्द पाळला नाही. महिन्याभराने मावशी रविवारी आली, पोट धरून हळूहळू सोफ्यावर बसली आणि तिने सरळ विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"हल्ली तो रूममध्ये येताना दार वाजवतो. स्वतःचीच रूम गं, त्याचाही बेड तिथेच. आधी कधी वाजवत नव्हता. वाजवतो आणि मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर उभा राहतो."

"मग चांगलंय की."

"माहीत नाही," ती म्हणाली. "माझा विचार करून वाजवतो की आत काय दिसेल याला भिऊन, कळत नाही. विचारायचं कसं? आणि कुठल्या आवाजात?"

त्या दिवशी रॅकपाशी तिने बूट घातले. मी परीक्षकासारखा उभा राहिलो. तिने नेहमीचं ट्रकचं वाक्य म्हटलंच नाही. "येते गं," म्हणाली आणि तशीच लिफ्टकडे गेली. मी दारातून बटणाचा दिवा लागलेला बघितला. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं.